कोरोना की साधी सर्दी? आधी तारीख लिहून ठेवा

प्रश्न असा आलाय की सर्दी पण व्हायरसनेच होते आणि कोरोना पण व्हायरसच आहे, त्यातून काही सर्द्या तर कोरोना जातीच्याच व्हायरसमुळे होतात असं वाचलंय, मग दोघांत खरा फरक तो काय, आणि आता कोरोना सौम्य झालाय म्हणतात तर घरात कुणाचं नाक वाहायला लागलं की टेस्ट वगैरे करत बसायचं की सर्दी समजून सोडून द्यायचं? मी २२ वर्षं फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस करतेय आणि हा प्रश्न २०२० पासून आजपर्यंत मला जवळजवळ रोज कुणीतरी विचारतंच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. पहिल्या दोन दिवसांत नुसती लक्षणं बघून हा कोरोना आणि ही सर्दी असं सांगता येत नाही, मलाही येत नाही. घसा खवखवतोय, नाक गळतंय, कणकण वाटतेय, खोकला आहे, हे दोन्हीकडे असतं. कुठलं लक्षण कशात असतं असे जे तक्ते फिरतात ते पहिल्या दिवशी फार कामाला येत नाहीत. आजार कळतो तो त्याच्या चालीवरून, म्हणजे कितव्या दिवशी काय झालं, चढ कधी आला, उतार कधी लागला. त्यामुळे पेशंट समोर आला की मी पहिला प्रश्न विचारते तो "कधीपासून?", आणि दहातले आठ जण म्हणतात "झाले असतील तीनचार दिवस". हे तीनचार म्हणजे तीन की चार की सहा यावर पुढचा निर्णय बदलतो हो. म्हणून घसा खवखवायला लागला की त्या दिवसाची तारीख मोबाइलमध्ये टिपून ठेवा, औषधाच्या आधी हे करा.

आता व्हायरसच्या कुळाबद्दल, कारण प्रश्नातला गोंधळ तिथूनच सुरू होतो. सर्दी हा एक आजार नाहीच मुळात, २०० हून जास्त वेगवेगळे व्हायरस मिळून जे करतात त्याला आपण सर्दी म्हणतो. त्यात सगळ्यात मोठा वाटा रायनोव्हायरसचा, आणि त्याचेच १६० हून जास्त प्रकार आहेत, एकाची प्रतिकारशक्ती आली तरी दुसरा तयारच असतो, म्हणून सर्दीची लस अजून झालेली नाही आणि म्हणूनच लहान मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणं हे नॉर्मल आहे. मोठ्यांना दोनतीनदा. या २०० च्या गर्दीत चार कोरोनाव्हायरस पण आहेत, २२९ई, ओसी४३, एनएल६३ आणि एचकेयू१. पहिले दोन १९६० च्या दशकातच सापडले होते, तेव्हा इंग्लंडमध्ये सॉल्सबरीला सर्दीवर संशोधन करणारं एक युनिट होतं, तिथे स्वतःहून आलेल्या माणसांच्या नाकात सर्दीचे थेंब घालून अभ्यास चालायचा. त्याच काळात जून अल्मेडा या शास्त्रज्ञ बाईंनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली या व्हायरसभोवतीचं काट्यांचं कडं बघितलं आणि १९६८ मध्ये या गटाला कोरोना हे नाव मिळालं, सूर्याभोवतीच्या प्रभामंडळावरून. तर कोरोना हा शब्द २०२० चा नाही, आणि तुमच्यापैकी बहुतेक सगळ्यांना लहानपणी या चारपैकी काही कोरोना होऊन गेलेले आहेत, तुम्हाला ती नुसती सर्दी वाटली एवढंच.

पण याच कोरोनाच्या कुळात २००२-०३ चा सार्स हा फुफ्फुसाचा जीवघेणा आजार पण आला, ज्यात ८००० च्या वर लोक आजारी पडले आणि ७७४ गेले. २०१२ मध्ये तसाच मर्स आला, त्यात निदान झालेल्या साधारण तीन पेशंटमागे एक दगावतो. आणि २०१९ च्या शेवटी आला तो सार्स-कोव्ह-२, ज्याच्या आजाराला आपण कोविड किंवा सरळ कोरोना म्हणतो. एका कुळातले आहेत म्हणून स्वभाव एक असतो असं नाही. "कोरोना म्हणजे सर्दीचाच व्हायरस" हे वाक्य अर्धं खरं आहे आणि या अर्ध्या खरेपणामुळे मी माणसं उशिरा आलेली बघितलीत.

फरक कुठून येतो ते सांगते, मला स्वतःला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. रायनोव्हायरस वाढतो तो ३३ ते ३५ डिग्री सेल्सियसला सगळ्यात चांगला, म्हणजे नाकातल्या गार हवेच्या तापमानाला, आत फुफ्फुसात ३७ डिग्रीची ऊब त्याला तितकी मानवत नाही, त्यामुळे तो बहुतेक वेळा नाक, घसा, सायनस एवढ्यातच खेळतो. सार्स-कोव्ह-२ पेशीत शिरतो तो एसीई२ नावाच्या प्रथिनाला धरून, आणि हे एसीई२ नाकात आहे, फुफ्फुसाच्या वायुकोशांत आहे, आतड्यात आहे, हृदयात, किडनीत, रक्तवाहिन्यांमध्येही आहे. म्हणून या आजारात खोकल्याबरोबर जुलाब होतात, रक्ताच्या गाठी होतात, हृदयाला सूज येते, हे सर्दीत दिसत नाही. पण गंमत अशी, की सर्दीवाला एनएल६३ पण याच एसीई२ ला धरतो! म्हणजे कुलूप एकच असून एक आजार सर्दीवर थांबतो आणि दुसऱ्याने जग थांबवलं. यातून काय कळतं, तर व्हायरस कुठून शिरतो यावर सगळं ठरत नाही, आत आल्यावर किती वाढतो आणि आपलं शरीर त्याला आधीपासून ओळखतं का यावर खूप काही ठरतं. एनएल६३ ला आपण बालपणीच भेटलेलो असतो. २०२० मध्ये सार्स-कोव्ह-२ ला साठ वर्षांचा माणूस आयुष्यात पहिल्यांदा भेटत होता.

आता चाल बघा. साध्या सर्दीची सुरुवात संसर्गानंतर एक ते तीन दिवसांत होते, घशात खरखर, मग शिंका, मग नळ सोडल्यासारखं नाक. दुसऱ्या तिसऱ्या दिवशी सगळ्यात वाईट वाटतं आणि तिथून उतार लागतो. मधे शेंबूड घट्ट आणि पिवळा हिरवा होतो आणि त्याच दिवशी लोक अँटिबायोटिक मागायला येतात, तर तो रंग पांढऱ्या पेशींमुळे येतो, त्याचा अर्थ बॅक्टेरियाचा संसर्ग झालाय असा होत नाही आणि अँटिबायोटिकने सर्दी एक तासभरही लवकर जात नाही. सात ते दहा दिवसांत बरं वाटतं, खोकला मात्र दोनतीन आठवडे रेंगाळू शकतो. मोठ्या माणसाला सर्दीत ताप सहसा येत नाही, आला तर बारीकसा. अंथरुणाला खिळलोय असं साध्या सर्दीत क्वचितच होतं.

कोरोनाची सुरुवात पहिल्या लाटेत संसर्गानंतर साधारण पाच दिवसांनी व्हायची, ओमिक्रॉन या नंतरच्या अवतारापासून ती तीन दिवसांच्या आसपास आलीये, कधीकधी १४ दिवसांपर्यंतही जाते. अंग मोडून येणं, ताप, डोकं धरणं, आणि एक विशिष्ट थकवा, जिना चढल्यावर बसावंसं वाटतं तसा. इथपर्यंत ठीक आहे, फ्लूमध्येही असंच होतं. खरा फरक पुढे आहे. सर्दी तिसऱ्या दिवसानंतर उतरत जाते, कोरोनात काही जणांना चौथ्या पाचव्या दिवशी बरं वाटतं, ताप उतरतो, घरचे म्हणतात सुटलो, आणि मग पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान पुन्हा बिघडायला लागतं. तोपर्यंत व्हायरस कमी होत आलेला असतो पण शरीराची प्रतिक्रिया आवरत नाही, फुफ्फुसाला सूज येते, बारीक रक्तवाहिन्यांत गाठी व्हायला लागतात. हा दुसऱ्यांदा येणारा चढ साध्या सर्दीला नसतो. मी तारीख तारीख करत बसते ती याच्यासाठी.

आणि हा चढ नेहमी ओरडत येत नाही. २०२१ मध्ये एक गृहस्थ स्वतः चालत आले, खुर्चीत बसून माझ्याशी नीट बोलत होते, फक्त खोकला जात नाही एवढीच तक्रार, आजाराचा आठवा दिवस. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ८३. मी दुसरं मशीन लावलं, तेही ८३. धाप नाही, घाबरेपणा नाही, ऑक्सिजन मात्र गेलेला. कारण आपल्याला गुदमरल्याची जाणीव होते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यावर, आणि या आजारात सुरुवातीला तो बाहेर पडत राहतो, कमी पडतो तो ऑक्सिजन, म्हणून मेंदूला धोक्याची घंटा उशिरा ऐकू येते. ते वाचले, तीन आठवडे लागले. पण "सर्दीच आहे" म्हणून अजून दोन दिवस घरी थांबले असते तर काय झालं असतं हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

ऑक्सिमीटर वापरत असाल तर बोट गरम हवं, नेलपॉलिश नको, पाच मिनिटं शांत बसून मग लावा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. सावळ्या, काळ्या त्वचेवर ही मशीन थोडा जास्त आकडा दाखवू शकतात हे लक्षात असू द्या. बसून ९४ च्या खाली सातत्याने येत असेल तर डॉक्टरकडे, ९० च्या आसपास असेल तर सरळ हॉस्पिटल. बसून ९६ असेल पण घरातल्या घरात सहा मिनिटं चालल्यावर तीन किंवा जास्त अंकांनी पडत असेल तर तेही मला कळायला हवं. दम्याचा किंवा सीओपीडीचा (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) पेशंट असेल तर त्याचा नेहमीचा आकडा माहीत असणं महत्त्वाचं, कारण कुणाचा नेहमीचाच ९२ असतो. आणि आकडा काहीही असो, छातीत दाब येणं, ओठ निळे पडणं, बोलताना वाक्य तुटणं, माणूस गुंगीत जाणं किंवा बरळणं, यापैकी काही दिसलं तर मशीनचा आकडा बघत बसू नका.

इथे स्टिरॉइडबद्दल बोललंच पाहिजे, कारण सर्वात जास्त नुकसान मी त्यातून झालेलं बघितलंय. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी नावाच्या औषधचाचणीचा (ट्रायलचा) निकाल आला, डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत एक पंचमांशाने. स्वस्तातलं जुनं औषध आणि एवढा फरक, तो दिवस आम्ही विसरणार नाही. पण त्याच ट्रायलमध्ये ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काही फायदा झाला नाही, उलट आकडे नुकसानीकडे झुकत होते. निकालाचा हा दुसरा अर्धा भाग लोकांपर्यंत पोचलाच नाही. दुसऱ्या तिसऱ्या दिवशी, व्हायरस ऐन वाढीत असताना, तापावर म्हणून स्टिरॉइड घेतलेले, शुगर ४०० वर गेलेली, नंतर म्युकरमायकोसिस म्हणजे काळी बुरशी झालेली असे पेशंट बघितलेत मी. जुनी चिठ्ठी दाखवून स्टिरॉइडची गोळी आणू नका, कृपा करा. सर्दीत तर तिचं काही कामच नाही.

वासाचं विचारलं जातं नेहमी. सर्दीत वास जातो कारण नाक चोंदलेलं असतं, हवाच वर पोचत नाही, नाक मोकळं झालं की वास परत. कोरोनात नाक मोकळं असताना अचानक वास जातो, कारण वासाच्या मज्जापेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर एसीई२ असतं आणि व्हायरस त्यांना मारतो. पहिल्या दोन वर्षांत हे लक्षण इतकं नेमकं होतं की त्यावरूनच बरंचसं निदान व्हायचं. ओमिक्रॉनपासून ते बरंच कमी झालंय, म्हणजे वास शाबूत आहे म्हणून कोरोना नाही असं आता म्हणता येत नाही. गेलेला वास बहुतेकांचा परत येतो, रेंगाळला तर रोज दोनदा चार वेगवेगळे ठळक वास लक्ष देऊन हुंगायचे आणि हे काही महिने चिकाटीने करायचं, याने मदत होते.

आता "सौम्य झालाय" याबद्दल. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमिक्रॉन आला, तो फुफ्फुसापेक्षा वरच्या श्वासमार्गात जास्त वाढतो हे खरं आहे. पण त्याच वेळी कोट्यवधी लोकांना लस मिळालेली होती किंवा आजार होऊन गेलेला होता. म्हणजे व्हायरस थोडा बदलला आणि आपण बरेच बदललो. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं ते याच जोरावर, व्हायरस गेला म्हणून नाही. आज लस घेतलेल्या तिशीतल्या धडधाकट माणसाला कोरोना झाला तर तो बहुतेक वेळा सर्दीसारखाच जातो आणि हे मी मोकळेपणाने मान्य करते, त्याला घाबरवायचं मला काही कारण नाही. पण तोच व्हायरस ८० वर्षांच्या आजोबांना, केमोथेरपी चालू असलेल्या बाईंना, किडनी बदललेल्या माणसाला झाला की ती सर्दी राहत नाही, त्यांच्या शरीराला लसीने किंवा आधीच्या आजाराने मिळालेली प्रतिकारशक्ती नीट टिकवता येत नाही. गरोदरपणातही जपायला हवं. सर्दीच्या जुन्या चार कोरोनांची लागण सुद्धा वर्षभराने पुन्हा होऊ शकते, तसंच याचं आहे, एकदा झाला म्हणजे सुटलो असं नाही.

शिवाय मागे राहणारा त्रास. सर्दीचा खोकला रेंगाळतो, पण सर्दीनंतर तीन महिन्यांनी माणूस ऑफिसात बसून विचार करू शकत नाही असं सहसा होत नाही. लाँग कोविडमध्ये होतं. थकवा, धाप, डोक्यात धुकं साठल्यासारखं, उभं राहिलं की छाती धडधडणं. आजारानंतर तीन महिन्यांनीही असलेला आणि किमान दोन महिने टिकलेला, दुसऱ्या कशाने न उलगडणारा त्रास, अशी जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे. आणि हे सौम्य आजारानंतरही होतं. असे पेशंट घरच्यांना आळशी वाटतात, ते आळशी नसतात. त्यांना जबरदस्तीने व्यायामाला लावू नका, मेहनतीनंतर दुसऱ्या दिवशी ते आणखी कोसळत असतील तर झेपेल तेवढंच आणि हळूहळू.

मग टेस्ट करायची का? माझं मत असं, की टेस्टने तुमचं वागणं बदलणार असेल तर करा. घरात वयस्कर माणूस, तान्हं बाळ किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी आहे, तुम्ही स्वतः साठीच्या पुढचे आहात, डायबेटिस, हृदयाचा, फुफ्फुसाचा, किडनीचा आजार आहे, तर लगेच करा, कारण कोरोनावरची व्हायरसविरोधी गोळी, निरमाट्रेलव्हिर आणि रिटोनाव्हिरची जोडी, लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू करायची असते. सहाव्या दिवशी टेस्ट केली तर तो दरवाजा बंद झालेला असतो. (पुन्हा तारीख!) ही गोळी रक्त पातळ करायच्या, कोलेस्टेरॉलच्या, हृदयाच्या ठोक्यांच्या बऱ्याच औषधांशी भांडते, तेव्हा डॉक्टरला चालू असलेली सगळी औषधं दाखवल्याशिवाय नको. घरगुती अँटिजेन टेस्ट पॉझिटिव्ह आली तर साधारण खरी धरा, निगेटिव्ह आली तर लगेच निश्चिंत होऊ नका, पहिल्या दिवशी ती चुकते, ४८ तासांनी परत करा. आरटीपीसीआर जास्त पकडते पण बरं झाल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते, त्यामुळे बरे झालात का हे बघायला ती करू नका.

बाकी धडधाकट माणसाला दोन्हीत उपचार जवळपास सारखेच. आराम, पाणी, तापाला पॅरासिटामॉल, मिठाच्या पाण्याने नाक धुणं. नाक मोकळं करणारे ऑक्सिमेटाझोलिनसारखे थेंब तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त नकोत, नाहीतर थेंब थांबवले की नाक आणखी चोंदतं आणि माणूस थेंबांवरच अडकतो.

उलट बाजूही सांगते, साधी सर्दी प्रत्येकाला साधी नसते. दमा असलेल्या मुलाला अटॅक येण्यामागे सगळ्यात जास्त वेळा रायनोव्हायरसच असतो, त्यामुळे टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून त्याची धाप दुर्लक्षित करू नका. तान्ह्या बाळात आरएसव्ही हा दुसरा व्हायरस मोठ्यांना सर्दी आणि बाळाला छातीचा आजार देतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप आला की कारण काहीही वाटो, त्याच दिवशी डॉक्टर. बाळाच्या बरगड्यांखाली खळगा पडतोय, दूध ओढवत नाहीये, तर रात्र असली तरी निघा.

पसरण्यातला फरक कामाचा आहे. कोरोना मुख्यतः हवेतून पसरतो, बंद खोलीत त्याचे कण तरंगत राहतात, म्हणून खिडक्या उघड्या आणि मास्क हे खरे उपाय. रायनोव्हायरस हवेतून तर जातोच पण हातावरून नाकाडोळ्यालाही भरपूर जातो, आणि त्याला कोरोनासारखं चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे अल्कोहोल सॅनिटायझरला तो तितका दाद देत नाही. सर्दीच्या घरात साबणाने चोळून हात धुणं जास्त बरं. कोरोनावाला माणूस लक्षणं यायच्या एकदोन दिवस आधीपासूनच पसरवायला लागतो आणि पुढे आठ ते दहा दिवस पसरवू शकतो, पहिले पाच जास्त धोक्याचे.

त्यामुळे तुमच्या घरी आज नाक गळत असेल आणि टेस्ट मिळत नसेल तर मी तुम्हाला हे सांगेन. कोरोना आहे असं धरूनच चाला. ताप औषधाशिवाय २४ तास गेलेला असावा आणि एकूण बरं वाटत असावं, तोवर घरी, शक्य असेल तर वेगळ्या खोलीत. त्यानंतर बाहेर पडा पण अजून पाच दिवस माणसांत असताना मास्क. आणि आजीआजोबांच्या खोलीत दहावा दिवस उलटेपर्यंत जायचं असेल तर मास्क लावून, खिडकी उघडून आणि थोडाच वेळ.